एक मैदान, दोन खेळ



नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या शाळेच्या पटांगणाजवळ सायंकाळीं क्षणभर थांबून पाहावें. पावसाळ्यांत चिखल तुडवीत फुटबॉलमागें धांवणारीं मुलें हिवाळ्यांत त्याच जागेवर यष्ट्या रोवून क्रिकेट खेळूं लागतात. मैदान तेंच, खेळाडू तेच. बदलतो तो केवळ ऋतु. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत इंग्लंडमध्येंही हीच रीत होती. ह्या दोन्ही खेळांत इंग्लंडच्या संघांतून खेळण्याचा मान ज्यांनीं प्रथम मिळविला, त्या आल्फ्रेड लिटल्टन यांची आज ओळख करून घेऊं.

लिटल्टन यांचा जन्म १८५७ सालीं एका उमराव घराण्यांत झाला. ईटनची शाळा आणि केंब्रिजचें ट्रिनिटी कॉलेज येथें त्यांचें शिक्षण झालें. १८७७ च्या मार्चमध्यें लंडनच्या ओव्हल मैदानावर ते स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल खेळले. इंग्लंड तीन गोलांस एक असें हरलें. पण तो एक गोल लिटल्टन यांचाच होता. आपण चेंडू दुसऱ्यास देत नाहीं, अशी तक्रार शेफील्डच्या मॉस्फर्थ नांवाच्या सहकाऱ्यानें केली, तेव्हां ‘मी केवळ माझ्या आनंदासाठीं खेळतों,’ अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें, असें सांगतात.

पुढें १८८० सालीं त्याच ओव्हलवर ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना खेळले. १८८४ च्या ऑगस्टमधील सामना तर विशेषच गाजला. ऑस्ट्रेलियाच्या ५५१ धांवा झाल्या. इंग्लंडच्या अकराही गड्यांनीं गोलंदाजी करून पाहिली. शेवटीं यष्टिरक्षक लिटल्टन पायांचे पॅड न सोडतांच हाताखालून चेंडू टाकूं लागले आणि १९ धांवांत त्यांनीं ४ गडी बाद केले! यष्टीमागें त्यांच्या जागीं उभे होते प्रख्यात डॉ. ग्रेस. हेच लिटल्टन १९०३ ते १९०५ पर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळांत वसाहतमंत्री होते. १९१३ सालीं ते निवर्तले.

परंतु ‘माझ्या आनंदासाठीं’ हे शब्द उच्चारण्याची मोकळीक त्या काळीं कितीजणांस होती? व्हिक्टोरिया राणीच्याच अमदानींत, १८९० नंतरच्या वर्षांत, पुण्यास पळवणकर बाळू नांवाचा एक तरुण इंग्रजांच्या क्लबांत दरमहा ४ रुपयांवर चाकरी करीत होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळें लावावें, साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकावे, हें त्याचें काम. बॅट मात्र त्याच्या हातीं साहेबांनीं कधीं दिली नाहीं, असें म्हणतात. पुढें हिंदु खेळाडूंनीं त्यास आपल्या संघांत घेतलें. तरी तो चर्मकार समाजाचा म्हणून त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत येई. मैदानावर चेंडू एक; चहाचें भांडें मात्र वेगळें!

१९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांस हरविलें, त्यांत बाळूंच्या डावखुऱ्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत तर त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस मिळालें नाहीं. १९२३ सालीं तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

लिटल्टन यांचें कौतुक ह्यामुळें उणें होत नाहीं. पण ते दोन खेळ खेळले, ह्यांत त्यांच्या अंगच्या गुणांबरोबर घरच्या सुबत्तेनें दिलेली फुरसतही होती. बाळूंस एकच खेळ खेळावयाचा, तर तोही आधीं दुसऱ्यांच्या करमणुकीसाठीं खेळावा लागला.

आपल्या गांवच्या पटांगणावर आज जो मुलगा कडेला उभा राहून बाहेर गेलेला चेंडू आणून देत आहे, त्याच्या हातीं एकदां तरी बॅट देऊन पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.