माणूस तोच, दप्तरं वेगळी

शिरूर अनंतपाळच्या शिवाराचा सरकारी पत्ता एका माणसाच्या हयातीत अनेकदा बदलला. निजामाच्या राज्यात निलंग्याचा हा मुलूख बिदर जिल्ह्यात होता. 1956च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके बिदरपासून तुटून मराठवाड्यात आले व उस्मानाबादला जोडले गेले. 1982 साली लातूर जिल्हा झाला, पुढे शिरूर स्वतंत्र तालुका. माणसं जागची हलली नाहीत, दप्तर मात्र हललं आणि उर्दूतून मराठीत आलं. त्या दप्तरात माणूस नात्यानं नोंदला जाई: ‘मारुती पिता ग्यानबा’, ‘गंगाबाई भ्र. (भ्रतार, म्हणजे नवरा) माणिक’. आडनाव नसलं तरी अडत नसे, कारण हा मारुती कोणता ते सांगायला पाटील-पटवारी गावातच होते.

आधारची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारच्या टेंभलीत झाली. त्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सलग लिहिलं गेलं. 2025पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला आणि त्या जुन्या दप्तरातून उतरलेला सातबारा व आधार समोरासमोर आले. दोन्ही नोंदी खऱ्या असूनही नावं जुळत नाहीत, आणि खेटे घालतो शेतकरी. ही तफावत त्यानं केलेली नाही. ती सत्तर वर्षांच्या नोंदपद्धतीतून आली आहे, म्हणून ती मिटवण्याचा भार दप्तर सांभाळणाऱ्यांनीच उचलला पाहिजे.

पडताळणी सैल केली तर बोगस लाभार्थी घुसतील, ही शंका रास्त आहे. पण दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलणं वेगळं आणि स्वतःच्याच नावात आडनाव नसणं वेगळं. यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात, तलाठ्याला दिसू नयेत. मग जुनी गावओळखच बरी होती, असंही कुणी म्हणेल. मला ते मुळीच पटत नाही. पटवारी ज्याला ओळखेल त्याचीच नोंद, असा तो कारभार होता. त्यात दलित कुळाचं आणि विधवेचं काय होई, हे मराठवाड्याला सांगायला नको. ठसे तपासणारं यंत्र निदान जात पाहत नाही. यंत्र राहू द्यावं. मात्र महसूल खात्यानं गावोगाव चावडीवर बसून, खासरा पत्रक आणि फेरफार उघडून ही नावं स्वतःहून जुळवावीत, आणि ती जुळेपर्यंत कुणाचंही अनुदान अडवू नये.