मणीचा घोडा, म्हाळसेचा डाव

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा मागं पडतं आणि अहमदपूरच्या आधी माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथं खंडोबाची यात्रा भरते. माळावर घोडे, खेचरं, गाढवं, उंट उभे राहतात. राहुट्या पडतात, तमाशाचे फड लागतात, कुस्त्यांचा आखाडा घुमतो. दोन आठवडे आधी दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथले कितीतरी व्यापारी मग माळेगावची वाट धरतात. आमचे मामा या बाजारात दलाली करायचे. घोडं मी त्यांच्याकडून शिकलो आणि खंडोबा वाघ्या-मुरळींच्या जागरणातून. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे मला पटलं ते माळेगावात.

खंडोबाच्या कथेत प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत परका राहत नाही. मणी आणि मल्ल हे दैत्य देवाशी लढले. मणी हरला तेव्हा त्यानं आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला आणि पायाशी जागा मागितली. म्हणजे मल्हारी ज्या घोड्यावर बसतो, ते वाहन त्याला शत्रूनं दिलेलं. हरलेल्यानं आपली सर्वांत लाडकी वस्तू जिंकणाऱ्याला द्यावी आणि त्याच्याच घरचा व्हावं, ही या देवाची रीत.

प्रेमाची कथाही अशाच एका हरण्यातून सुरू होते. म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, देवाची पहिली राणी. तिच्याशी देव सारीपाट खेळायला बसला, पैज लागली आणि देव हरला. बारा वर्षं घर सोडावं लागलं. तो चंदनपुरीला धनगराच्या वाड्यावर आला आणि त्याच्या लेकीसाठी, बाणाईसाठी, मेंढरं राखू लागला. एके दिवशी मेंढरं धुताना त्यानं ती दगडावर आपटून मारली आणि बाणाई लग्नाला तयार झाल्यावर पुन्हा जिवंत केली. पुढं दोघी सवतींचं भांडण पेटलं. कुळावरून, रूपावरून, खाण्यापिण्यावरून एक वाण्याची, एक धनगराची, दोघी एकमेकींना सोलून काढतात. जागरणात दिमडी आणि तुणतुण्यावर हे भांडण रात्रभर रंगतं. माणसं हसतात, बाया पदर तोंडाला लावतात. जेजुरीत म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे आणि बाणाईचं देऊळ गडाच्या निम्म्या चढावर. भांडण मिटलं नाही, तरी डोंगर दोघींचा झाला.

आता बाजारात या. घोड्याचा सौदा ओरडून होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उकिडवे बसतात, हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकतात आणि खाली बोटं दाबतात. एका बोटाला शंभर म्हणायचं, हजार म्हणायचं की लाख, ते जनावर बघूनच कळतं. तोंडावर काही दिसत नाही. फक्त रुमाल हलतो. पटलं नाही तर हात झटकून दोघं उठतात, चहा पितात, पुन्हा बसतात. सौदा बसण्याआधी दात बघून वय ओळखायचं, चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणायचं, गळ्यावरच्या भोवऱ्यात देवमण शोधायचा आणि गोम असेल तर नाक मुरडायचं. शेवटी लगाम धरून पळवायचं. मुंबईच्या महालक्ष्मीवर १८८३ पासून घोडा वेगावर जोखला जातो. इथं आधी चाल बघतात. रवाल चालीचा घोडा असा पडावा की स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळू नये.

ही पारख शौकातून आलेली नाही. मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा मेला की त्याची रोजीरोटी गेली. बारगिराला तो सरकारातून मिळे. आमच्या भागानं घोडदळाचं मोल डोळ्यांनी पाहिलं आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला गाठलं ते मराठी घोडदळानं घेरून, आणि तहात साठ लाखांचा मुलूख मिळवला. तिकडं नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यात गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे आजही सांभाळले जातात. होळीच्या हल्ला महल्ल्यात ते मिरवणुकीत निघतात. गुरू १७०८ मध्ये नांदेडला आले. देव असो की गुरू, इथं श्रद्धेला घोडा लागतोच.

मामांचं एक बोलणं मी कधी विसरलो नाही. "घोडं विकायचं तर ज्याचं घोडं आपल्या घोड्यापुढं हरलं त्यालाच विकावं. त्याला किंमत कळल्याली असती. त्याच्या दावणीला घोडं उपाशी मरत नाही." ज्या गड्याशी त्यांची वर्षानुवर्षं चढाओढ चाले, त्याच्याच राहुटीत ते रात्री जेवायला बसत. बाजारात एकमेकांचे घोडे नाकारणारी घरं पुढं सोयरिकीला बसत. भटक्या जमातींच्या पंचायती यात्रेत भरत आणि तिथंही भांडणं तुटत, लग्नं ठरत. माळावर माणसं जनावरं तोलायला येत आणि एकमेकांनाही तोलून बघत.

आज घोडा शेतात नाही, फौजेतही नावापुरताच. वरातीत आणि हौशी माणसाच्या अंगणात आहे. यात्रा नांदेड जिल्हा परिषद भरवते, अश्वप्रदर्शन होतं, बक्षिसं वाटली जातात. माझं मागणं एवढंच आहे की बक्षिसाबरोबर म्हाताऱ्या दलालांचं ज्ञानही टिपून ठेवावं: रुमालाखालची बोटं, दातांचा हिशेब, भोवऱ्यांची नावं, आणि शेजारच्या राहुटीत चाललेलं म्हाळसा-बाणाईचं गाणं. घोड्याची पारख आणि देवाचं गाणं वेगवेगळ्या खात्यांत टाकलं तर दोन्ही अर्धं राहील. प्रतिस्पर्ध्याला ओळखल्याशिवाय आपल्या घोड्याची किंमत कळत नाही आणि त्याला पुरतं ओळखलं की तो आपला होऊन जातो, हे मराठवाड्याच्या माणसाला माळेगावनं शिकवलं. जातीपातीवरून गावं दुभंगत असताना हे शिकवणं आम्हाला घोड्यांपेक्षाही जास्त हवं आहे.