मालेगाव खटल्यातला दुसरा प्रश्न

२९ सप्टेंबर २००८ रोजी, ईदच्या तोंडावर, मालेगावच्या भिकू चौकात स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. महिनाभरातच तपास नाशिकजवळच्या देवळालीत पोचला, कारण लष्करी गुप्तचर विभागातले लेफ्टनंट कर्नल श्रीकांत पुरोहित तिथे नेमणुकीवर राहिलेले होते. ५ नोव्हेंबरला दहशतवादविरोधी पथकाने त्यांना अटक केली. आरोप असा की त्यांनी ‘अभिनव भारत’ ही संघटना उभारली आणि काश्मीरमधून आरडीएक्स आणले. पुरोहितांचे उत्तर होते की आपण संघटनेच्या बैठकांना माहिती काढण्यासाठी जात होतो आणि ती वरिष्ठांना कळवत होतो. तेव्हापासून या खटल्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: स्फोटात त्यांचा हात होता का, आणि त्या बैठकांत ते कोणाच्या वतीने बसत होते? ३१ जुलै २०२५ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. त्यातून पहिल्याचे उत्तर मिळाले. दुसऱ्याचेही मिळाले असे मानणे मात्र चूक आहे.

पहिल्या प्रश्नावर पुरावा खरोखरच तोकडा होता. पुरोहितांनी आरडीएक्स आणले किंवा बॉम्ब जोडला हे सिद्ध झाले नाही. सरकारी पक्षाच्या ३२३ साक्षीदारांपैकी तिसाहून अधिक फितूर झाले आणि आपले जबाब दबावाखाली घेतले गेले, असे त्यांतल्या काहींनी सांगितले. देवळालीच्या एका घरात सापडलेल्या आरडीएक्सच्या अंशांवरही मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले, कारण ते पथकाच्याच माणसाने ठेवले असावेत, असा संशय २०१६ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने आपल्या आरोपपत्रात मांडला. दोन तपास यंत्रणांच्या आरोपपत्रांतली ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट २०१७ ला जामीन देताना नोंदवली. तोवर एक अधिकारी जवळजवळ नऊ वर्षे तुरुंगात होता. ही किंमत फार मोठी आहे, आणि ती मोजायला लावणाऱ्या तपासाची जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी.

दुसऱ्या प्रश्नावर पुरोहितांचे समर्थक म्हणतात, निर्दोष सुटले म्हणजे ते कर्तव्यच बजावत होते. हे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यांची दोषमुक्तीची मागणी फेटाळताना विचारले होते, की हे कर्तव्यच असेल तर सहा जणांचे प्राण घेणारा स्फोट टाळला का नाही? अंतिम निकालातही संघटनेच्या पैशातला काही भाग त्यांनी स्वतःच्या घरासाठी आणि विम्यासाठी वापरल्याची नोंद आहे. उलट बाजूचे लोक म्हणतात, कर्तव्याची गोष्ट पाठीमागून रचलेली आहे. तेही घाईचे आहे. गुप्त बातमीदाराला सगळेच आधी कळते असे नाही, आणि न कळणे हा कटातला सहभाग ठरत नाही.

यातून वाट एकच आहे: पुरोहितांनी स्फोटाच्या आधी वरिष्ठांना लिहिलेले अहवाल, असलेच तर. ते कोणत्या तारखेला, कोणाकडे गेले आणि त्यांत कोणाची नावे होती, हे कागदच सांगू शकतात. असे कागद उघडले तर खबरी उघडे पडतील ही हरकत गंभीर आहे. पण नावे झाकली आणि न्यायाधीशांनी ते बंद दालनात पाहिले, तर ती बव्हंशी मिटते. मृतांच्या नातलगांनी निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले आहे. त्यांना आपली माणसे कोणी मारली हे अजून कळलेले नाही, आणि अधिकाऱ्याच्या नावावरचे मळभ केवळ पुराव्याअभावी झालेल्या सुटकेने पुरते हटत नाही. दोघांच्याही हिताचे कागद लष्कराच्या दफ्तरांत असतील, तर अपिलाची सुनावणी होण्याआधीच ते न्यायालयासमोर यायला हवेत.