कुंकू काळं की करडं?

मे १९७८. सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या जिन्यात तुम्ही उभे आहात आणि खांद्यावरची पिशवी वाटली होती त्यापेक्षा बरीच जड आहे. आत फ्लॅशची बॅटरी आहे. तिच्यातून निघालेली वेटोळ्यांची वायर तुमच्या हातातल्या दिव्याला जोडलेली आहे. दोन पायऱ्या वर, गळ्यात याशिका अडकवून फोटोवाले काका उभे आहेत.

"बाळ, मी मान हलवली की दिवा वर. मध्ये बोलायचं नाही."

इथे कशाला आलात, आठवतंय ना? येत्या डिसेंबरात तुमचं लग्न आहे. फोटोग्राफरने पाठवलेल्या यादीत कँडिड, ड्रोन वगैरेंच्या खाली 'ब्लॅक अँड व्हाइट सेट' अशी एक ओळ होती आणि तुम्ही पटकन त्यावर बोट ठेवलंत. का, असं कोणी विचारल्यावर "क्लासिक वाटतं" याच्यापुढे काही सुचेना. म्हणून ही फेरी.

इथे रोल आहेत ते बहुतेक इंदू, उटीच्या सरकारी कारखान्यातले. एखाददुसरा पूर्व जर्मनीचा ओर्वो. एका रोलवर बारा फोटो. आख्खं लग्न पाच-सहा रोलांत उरकायचं. तुमच्या परवाच्या केळवणाचे फोटो याहून जास्त असतील. नवरीच्या भावाने दुकानात रंगीतचा विषय काढून पाहिला होता. काकांनी नाही म्हटलं नाही, फक्त अडचणी सांगितल्या. रोल परदेशी, मिळेल तेव्हा मिळेल. धुवायला मुंबईला पाठवायचा. त्यातून कार्यालयात अर्धे बल्ब आणि अर्ध्या ट्यूबलाइट, म्हणजे माणसं पिवळी आणि भिंती हिरवट. मुलीच्या वडिलांनी तोड काढली: सूनमुखाला एक रोल रंगीत, बाकी नेहमीचे. निवड करायला लागला तो वेळ एवढाच.

खरी निवड काका आत्ता करतायत, नवरीच्या खोलीच्या दारात उभं राहून. आत मावशी हिरव्या शालूवर लाल शेला लावून बघतेय. काका डोळे अर्धे मिटतात.

"मावशी, हा शेला नको. फोटोत शालू आणि शेला एकच दिसेल."

"अहो, लाल आणि हिरवं एक कसं दिसेल?"

"डोळे बारीक करून बघा."

मावशी बघत नाही, पण तुम्ही बघा. पापण्या इतक्या जवळ आणा की खोली धूसर होईल. रंग मागे सरतात. उजळ काय आणि काळोखं काय, एवढंच उरतं. शालू आणि शेला खरंच एका ढिगाचे होतात. जरीचा काठ मात्र चमकतो, मंगळसूत्राची वाट बघणारा मोकळा गळा उजळ राहतो, आणि केसांतला गजरा एकदम पुढे येतो. फिल्मला एवढंच कळतं: कोण किती उजेड परत पाठवतो. मावशी कुरकुरत मोतिया रंगाचा शेला काढते. काका तिथून निघालेत, कारण सनई-चौघडा सुरू झालाय आणि मामा नवरीला आणायला येतायत.

गुरुजींनी अंतरपाट धरला. काका बाजूच्या स्टुलावर चढलेत आणि मान खाली घालून कॅमेऱ्यात वरून बघतायत. तुम्हीही वाकून पाहा. चौकोनी काचेवर सगळं डावं-उजवं झालंय. नवरी नवऱ्याच्या जागी, नवरा नवरीच्या. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्याबाईंचा दम अजून टिकून आहे. अक्षता मध्येमध्ये पडतायत, त्यातल्या काही काकांच्या टकलावर. एकदा फ्लॅश उडवला की बॅटरी बारीक शिट्टी घालत पुन्हा भरायला कितीतरी सेकंद घेते, त्यामुळे अंतरपाट सरकतानाचा फोटो एकच. दुसरा मिळत नाही. काका शेवटच्या 'सावधान'ची वाट बघतायत.

मान हलते. तुम्ही दिवा वर करता. त्याच क्षणी समोरच्या रांगेतले एक काकासाहेब, नारिंगी टेरिलीनचा बुशशर्ट घातलेले, अक्षतांची मूठ भिरकावायला हात पुढे घालतात. लख्ख. वाजंत्री, टाळ्या, हार. बॅटरीची शिट्टी. काका काही बोलत नाहीत, पण ओठ घट्ट मिटून कॅमेऱ्याचा दांडा फिरवतात.

रोल संपला की तो बाहेर काढून गुंडाळायचं काम तुमचं. शेवटच्या कागदी पट्टीला डिंक आहे, ती जिभेने ओली करून चिकटवायची. चव किंचित गोडसर आहे. घाई करा, लाजाहोम सुरू झालाय.

इथे काका तुमचा दिवा बंद करायला लावतात. होमाच्या मागे खिडकी आहे आणि तिच्यातून येणारं ऊन धुरात अडकलंय. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतोय. रंगीत रोल असता तर ते पिवळं ऊन, लाल विस्तव, निळसर धूर, मागची जाहिरातीची दिनदर्शिका, सगळं एकाच वेळी बोलायला लागलं असतं. आत्ता धूर पांढरा, हात काळे आणि मधली ओंजळ. काका श्वास रोखून, शटर हळू ठेवून फोटो घेतात. मग कानपिळी. भाऊ जरा जास्तच जोरात पिळतो, तिथे फ्लॅश. आणि पंगतीचे नेहमीचे फोटो, जे सगळ्या अल्बमांत सारखेच असतात.

रात्री दुकानामागची डार्करूम. डार्करूम म्हणजे पूर्वीची मोरी. मे महिना असल्यामुळे नळाचं पाणीसुद्धा कोमट आहे आणि डेव्हलपरला वीस अंश हवेत, म्हणून घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या केल्यात. रोल उघडायची वेळ आली. तुम्ही सवयीने लाल दिव्याकडे हात नेता.

"अहं! तोही नाही. या फिल्मला लाल दिसतं."

लाल दिवा फोटोच्या कागदासाठी, कारण कागद लाल उजेडाला आंधळा आहे. पूर्वीच्या प्लेटा आणि फिल्मा तशाच आंधळ्या होत्या. काकांच्या वडिलांचं सगळं काम लाल दिव्यात चालायचं. प्लेट धुताना चेहरा उमटलेला बघता यायचा. या सोयीची किंमत काय होती ते पाहायला आणखी चाळीस वर्षं मागे चला.

१९३८. वाड्याचा चौक, दुपार. तिपाईवर लाकडी कॅमेरा, काळं फडकं, आत काचेची प्लेट. लग्न कालच झालंय. फोटो आज, उन्हात, खुर्ची मांडून. नवरी चौदा-पंधराची असेल, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. हलायचं नाही म्हणून बजावल्यामुळे ती डोळ्यांची पापणीही लवू देत नाही. फोटोत काय येणार? जे लाल ते प्लेटला दिसत नाही, म्हणजे तिथे काळोख. कुंकू काळं कुळकुळीत, जणू कपाळाला भोक पडलंय. ओठ काळे. उन्हाने तांबूस झालेला चेहरा मूळच्यापेक्षा सावळा. डोक्यावरचं निळं आकाश पांढरंफटक. जुन्या अल्बमांतल्या आज्या-पणज्या इतक्या करड्या चेहऱ्याच्या का दिसतात याला त्यांचा स्वभाव जेवढा कारण असेल तेवढीच ती प्लेटही आहे. माझ्या मते प्लेटच जास्त.

परत मोरीत. घुप्प काळोखात काका रोल टाकीत भरतात, बोटांच्या अंदाजाने. डेव्हलपर, पाणी, हायपो, मग बराच वेळ नळाखाली. या शेवटच्या धुण्यावर काका अडून बसतात. हायपो पुरता निघाला नाही तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, डाग धरतो. निघाला तर कागदावर उरते ती शुद्ध चांदी, आणि तिला नातवंडं बघायला काही हरकत नाही.

आता लाल दिवा लावायला मोकळीक आहे. एन्लार्जरखाली कागद, मग कागद ट्रेमध्ये. आधी काहीच नाही. मग केस, मग मुंडावळ्या, मग काठ. हा तोच मुहूर्ताचा फोटो, आणि हो, पुढे ती मूठ आहेच. पण बघा: मुठीतून सुटलेले दाणे हवेत टिपल्यासारखे थांबलेत, अंतरपाट निम्मा खाली आलाय, आणि मूठ आणि कापड यांच्या फटीतून नवरीचा एक डोळा नवऱ्याकडे चोरून बघतोय. नारिंगी बुशशर्ट नुसता एक करडा ठिपका झालाय. रंगीतमध्ये तुमची नजर आधी त्या शर्टावर गेली असती आणि बहुधा तिथेच राहिली असती. काका कागद चिमट्याने उचलतात, डोळा दिव्याजवळ नेतात आणि "ठीक आहे" म्हणतात. एवढं कौतुक त्यांच्याकडून कोणालाच मिळत नाही.

या फिल्ममध्ये कुंकू काळं नाही, मध्यम करडं आलंय. कपाळ त्याहून थोडं उजळ, म्हणून दिसतं तरी. काका प्रिंट करताना चेहऱ्यावर हाताची सावली हलवत ठेवतात, चेहरा उजळ करायला. कपाळ मात्र त्या सावलीतून वगळतात. पुढे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने टचिंग होईल, नवरीच्या गालावरच्या पुटकुळ्या जातील. आणि आठवड्याने मुलीचे वडील येऊन म्हणतील, मोठ्या फोटोत तेवढं कुंकू लाल आणि शालू हिरवा करून द्या. काका काडीला कापूस गुंडाळून, फोटोचे रंग पाण्यात कालवून तेही करतील. नको म्हटलेला रंग हातानं भरून घ्यायचे वेगळे पैसे पडतात, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

आता आजच्या तारखेला या. त्या लग्नाचा अल्बम उघडला तर काळ्या पानांवरचे काकांचे फोटो जवळपास तसेच सापडतील. सूनमुखाचे रंगीत मात्र तांबूस झालेले असतील. त्या काळच्या रंगीत कागदातले रंग एकसारखे टिकत नाहीत, निळसर आधी उडतो. शालू कोणत्या रंगाचा होता हे आता कोणाला तरी विचारावं लागेल.

तुमच्या लग्नात प्रत्येक फोटो रंगीतच निघणार आहे. रॉ फाइलमध्ये सगळे रंग असतात; करडं नंतर, कॉम्प्युटरवर, एक कळ दाबून. त्या कळेमागे काकांचे अर्धे मिटलेले डोळे बसवलेले असतात, फक्त ते दुसऱ्याच कुणीतरी, भलत्याच चेहऱ्यांसाठी मिटलेले. लालची पट्टी वर सरकवली की कातडी गुळगुळीत, उजळ होते. नवऱ्यामुली खूश होतात आणि कुंकू कपाळात विरघळून जातं. पट्टी खाली ओढली की कुंकू ठसठशीत उमटतं, पण गालावरची प्रत्येक पुटकुळी आणि रात्रीचं जागरणही. मधली जागा कुठे ते तुमच्या कपाळावर, तुमच्या रंगावर अवलंबून आहे. फोटोग्राफरला विचारायचं ते एवढंच: कुंकवाचं काय करता? त्याला प्रश्नच कळला नाही तर तो तयार फिल्टर वापरतो, असं खुशाल धरून चाला.

दुसरीही एक खूण. हॉलच्या जांभळ्या एलइडीत बिघडलेले फोटो वाचवायला पुष्कळजण ब्लॅक अँड व्हाइट करतात. त्यात पाप नाही, पण ती निवड नव्हे, डागडुजी आहे. आधी ठरवून काढणारा माणूस मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हॉलची खिडकी कुठे आहे ते बघायला येतो आणि डेकोरेटरशी भांडतो.

आणि हळद रंगीतच घ्या. पिवळ्यावाचून हळदीत उरतं काय? करड्या फोटोत ती तोंडाला फासलेल्या चिखलासारखी दिसते. रुखवतही रंगीत, नाहीतर मावशीने खपून केलेली रांगोळी फुकट जाईल. मुहूर्त, लाजाहोम, कानपिळी, झाल हे करड्यात. शालू आणि शेला घ्यायला जाल तेव्हा दुकानातच डोळे बारीक करून बघा. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, पाहू दे.

फक्त आईला आधी सांगून ठेवा. एवढा पैठणीचा रंग निवडला आणि फोटो बिनरंगाचे म्हटल्यावर ती पहिलं विचारणार, "का गं, रंगीतचे जास्त घेतो का तो?" तिच्या बाबांनी १९७८ मध्ये केलेला हिशेब तिला पाठ आहे. आता उलट ब्लॅक अँड व्हाइटचेच वरून पैसे पडतात, हे तिला कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.