माळवद आणि सानं

आमच्या औसा-उमरगा भागात १९९३ च्या आधी घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असले तरी मधल्या खणात पाय टाकला की जीव थंड व्हायचा. ऊन मातीतून खाली उतरेपर्यंत दिवस मावळायचा, तोवर माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असायची.

छताला हातभर सानं. चुलीचा धूर अन् कोंडलेली गरम हवा त्यातून वर जायची. पाऊस आला की कुणीतरी पळत जाऊन त्यावर पाटी पालथी घालायचं. चोरही तिथूनच उतरत, म्हणून पुढं सान्याला गज आले.

मृगाआधी दरसाल माळवदावर नवी माती पडायची, गळू नये म्हणून. जुनी मात्र कुणी खरवडून काढत नव्हतं. आजोबांच्या हयातीत आमचं माळवद असंच वाढत दोन फुटांवर गेलं. दहा बाय दहाच्या खणावर दोन फूट माती म्हणजे आठ-नऊ टन वजन! घर गार राहतंय याचंच सगळ्यांना कौतुक.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती बोळवून दमलेली माणसं आत झोपली होती. भिंतींच्या आतल्या-बाहेरल्या दगडांना एकमेकांत बांधणारा लांब दगडच नव्हता. भिंती फुटल्या आणि ती माती खाली आली. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. कितीक घरांत लाकडी खांब-तुळया तेवढ्या उभ्या होत्या.

पुढं पुनर्वसनात जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० नि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. राहिलेल्या गावांत सरकारी इंजिनियर सांगत होते, वरची माती कमी करा, भिंतीला आरपार सांधे घाला, घर टिकेल. ते बरोबरच होतं, पण दगडाखाली झोपायला कोण धजणार? लोकांनी पत्रे घातले. सान्याचा यात काहीच दोष नव्हता, तरी मातीबरोबर तेही गेलं.

चुलतीनं मात्र पत्र्याला मिस्त्रीकडून भोक पाडून घेऊन वर टोपी बसवली. धूर जातो. ऊन तसंच येतं, म्हणून चैत्र लागला की ती पोरांना पत्र्यावर चढवते आणि तुराट्या पसरायला लावते.