गाविलगडाचा गंडभेरुंड

बडनेरा आज रेल्वेचे जंक्शन आणि अमरावती महानगरपालिकेचा भाग म्हणून ओळखले जाते. परंतु जुन्या गॅझेटिअरांनी या गावाचे 'बडनेरा बीबी' हे नाव नोंदवले असून, वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यातील एका विवाहात ते आंदण दिले गेल्याची परंपराही सांगितली आहे. ज्या इमादशाहीच्या सोयरिकीत हे गाव असे दिले-घेतले गेले, तिचे राजचिन्ह, म्हणजे सत्तेची ओळख म्हणून मिरवली जाणारी आकृती, चिखलदऱ्याजवळील गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर कोरलेले आहे.

या द्वारशिल्पात सिंह, हत्ती आणि गंडभेरुंड, म्हणजे दोन डोकी असलेला आणि हत्तींनाही पेलणारा कल्पित पक्षी, एकत्र येतात. हत्तीवर मात करणारा सिंह दख्खनच्या किल्ल्यांना परका नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या वेशींवरही तो आढळतो, आणि त्याचा अर्थ शत्रूच्या सैन्यबळावर राजाचे वर्चस्व असा सरळ लागतो. गंडभेरुंडाचे तसे नाही. तो मुख्यतः कन्नड मुलखातला पक्षी असून, बळ्ळिगावे येथे त्याचा स्तंभ इ.स. 1047 इतका जुना आहे.

इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरच्या ब्राह्मण कुळात जन्मला, बालपणी बहमनी सैन्याच्या हाती कैदी म्हणून सापडला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी मुसलमान म्हणून वाढला आणि 1490 च्या सुमारास स्वतंत्र झाला, असा वृत्तान्त फरिश्त्याच्या इतिहासावरून मिळतो. यामुळे हा पक्षी म्हणजे त्याच्या मातृभूमीची खूण होय, असे मत अभ्यासकांनी मांडले. हे मत मनाला पटते, परंतु गंडभेरुंडाला विजयनगरचे अधिकृत राजचिन्ह म्हणताना जपले पाहिजे, कारण गंडभेरुंडाची प्रसिद्ध नाणी अच्युतरायाची, म्हणजे 1529 नंतरची, आहेत आणि तोवर फतहुल्ला हयात नव्हता. त्याने एखाद्या दरबाराचे चिन्ह उचलले असे म्हणण्यापेक्षा, ज्या प्रदेशात तो जन्मला तेथील सर्वपरिचित बलचिन्ह त्याने आपलेसे केले, असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरते.

त्याच्याच काळातल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाशी तुलना केली, तर या निवडीचे मोल कळते. 1486 च्या सुमाराच्या त्या दरवाजावर सुंदर अक्षरांतला शिलालेख असून, त्यात बहमनी सुलतानाचे नाव आदराने घेतले आहे. तेथे फतहुल्ला अंमलदार म्हणून बोलतो, तर गाविलगडावर स्वतःच्या चिन्हातून. शिवाय शिलालेख वाचण्यासाठी फारसी-अरबीचे ज्ञान लागे, तर वेशीवरचे जनावर गडावर येणाऱ्या शेतकऱ्यालाही समजे. इमादशाही 1574 मध्ये निजामशाहीने गिळली आणि 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. पुढे 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांनी गाविलगडाची तटबंदी फोडली, तरी दिल्ली दरवाजावरचा पक्षी टिकला. तोच गंडभेरुंड पुढे म्हैसूरच्या वोडेयरांच्या राजचिन्हात आला आणि आज कर्नाटक राज्याच्या अधिकृत मुद्रेवर आहे.