उज्जैनला दुचाकीने जाताय? हेल्मेटवरचा आकडा आधी बघा

शिरपूर, सेंधवा, इंदूरमार्गे महाकालच्या दर्शनाला दुचाकीने जाणारे बरेच. परतताना बिजासन घाटाचा उतार लागतो, म्हणून घिसलेले ब्रेक पॅड निघण्याआधीच बदलावेत. हेल्मेट मात्र अनेक जण रस्त्याकडेलाच स्वस्तात उरकतात. १ जून २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्र नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. तरी नुसत्या आयएसआय शिक्क्यावर जाऊ नका, स्टिकर काय कुणीही चिकटवतं. शिक्क्याखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते कळतं. क्रमांकच नसेल तर हेल्मेट परत ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं. आतला थर्माकोल दबलेला असतो.